‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’: चौथा अंक नव्याने लिहिण्याची वेळ

नाताळच्या आठवड्यात फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानात जायचे तर दिवसाचा बराच भाग रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवूनच जावे लागते. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही तिघी गेलो होतो: मी, साताऱ्याहून आमच्याकडे आलेली माझी आई आणि माझी ११ वर्षांची मुलगी. आईचे वय सत्तरीच्या घरातले आणि गुडघे दुखरे, तर मुलीला ‘स्पेस माउंटन’ या वेगवान सफरीची ओढ. दोघींना शेजारी बसवता येईल असे काही शोधताना टुमॉरोलँड विभागातल्या ‘वॉल्ट डिस्नेज कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ या यांत्रिक पात्रांच्या चार अंकी नाट्यखेळाच्या गोल इमारतीत आम्ही शिरलो. २१ मिनिटांनी बाहेर पडलो तेव्हा आई अजून पहिल्या अंकातच रमलेली होती, मुलगी चौथ्या अंकाविषयी प्रश्न विचारत होती आणि या खेळाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे असे मला वाटू लागले होते. १५ जानेवारी २०२५ रोजी हा खेळ फ्लोरिडात सुरू होऊन ५० वर्षे पूर्ण झाली. तो आहे तसा ठेवावा, बदलावा, की काढून टाकून त्या जागी दुसरे काही उभारावे, हा वाद त्याच्या प्रेक्षकांमध्ये बरीच वर्षे चालू आहे. माझे मत आरंभीच सांगते. पहिले तीन अंक आहेत तसे राहावेत आणि चौथा अंक नव्याने लिहावा, तोही पुढे दर दहा-बारा वर्षांनी पुन्हा लिहिण्याच्या बोलीवर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याची रचना सांगितली पाहिजे, कारण वादाचे मूळ या रचनेतच आहे. मराठी प्रेक्षकाला फिरता रंगमंच नवा नाही. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ने तो आपल्याकडे घरोघरी माहीत करून दिला. त्या नाटकात प्रेक्षक जागेवर बसलेले असत आणि रंगमंच फिरून पुढचे दृश्य समोर आणी. येथे नेमके उलटे आहे. इमारतीच्या मध्यभागी रंगमंच स्थिर आहे, त्याच्याभोवती सहा प्रेक्षागृहांचे एक भलेमोठे कडे आहे आणि अंक संपला की हे कडेच, माणसांसकट, पुढे सरकते. प्रत्येक प्रेक्षागृहात सुमारे २४० माणसे बसतात. पहिल्या थांब्यावर प्रेक्षक आत येतात, पुढच्या चार थांब्यांवर चार अंक होतात, शेवटच्या थांब्यावर दारे उघडतात; आणि हे सगळे एकाच वेळी चालू असल्यामुळे आपण दुसरा अंक पाहत असताना भिंतीपलीकडचे लोक तिसरा पाहत असतात. दर चार मिनिटांच्या आसपास एक प्रेक्षागृह भरत असल्याने तासाला तीन हजारांहून अधिक माणसे या इमारतीतून जाऊ शकतात, आणि गर्दीच्या दिवशीही येथे फारसे ताटकळावे लागत नाही याचे हेच कारण आहे. मात्र याच रचनेमुळे येथे पाचवा अंक जोडता येत नाही. जागा चारच अंकांची आहे. त्यामुळे नवे काही सांगायचे असेल तर जुने काही काढावेच लागते.

रंगमंचावर जिवंत नट नाहीत. बोलणारी, मान वळवणारी, हातवारे करणारी यांत्रिक माणसे आहेत. डिस्नेच्या कंपनीने या तंत्राला ‘ऑडिओ-ॲनिमेट्रॉनिक्स’ असे नाव दिले. न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वॉल्ट डिस्ने यांच्या चमूने चार दालनांचे काम केले होते आणि त्यांपैकी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ‘प्रोग्रेसलँड’ या दालनात हा खेळ प्रथम झाला. विजेने घर कसे बदलले हे दाखवण्याची कल्पना त्याआधीची, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘एडिसन स्क्वेअर’ नावाचा विभाग उभारून तेथे ती साकारायची होती. तो विभाग कधी झाला नाही, पण कल्पना प्रदर्शनात गेली, गाजली आणि १९६७ साली डिस्नेलँडमध्ये आली. तेथे ती १९७३ पर्यंत होती. त्यानंतर हा खेळ फ्लोरिडात नेण्यात आला आणि १५ जानेवारी १९७५ रोजी, ‘स्पेस माउंटन’ सुरू झाले त्याच दिवशी, येथे त्याचा पडदा उघडला.

कथानक असे फारसे नाही. जॉन नावाचा एक गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बसून प्रेक्षकांशी गप्पा मारतो. त्याची बायको सारा, मुलगी पॅट्रिशिया, मुलगा जिम, आजी, आजोबा आणि पायाशी कुत्रा रोव्हर, एवढाच संसार. पहिला अंक विसाव्या शतकाच्या आरंभीचा, व्हॅलेंटाइन दिवसाच्या सुमाराचा. दुसरा १९२० च्या दशकातला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. तिसरा १९४० च्या दशकातला, हॅलोवीनचा. आणि चौथा ‘आज’चा, नाताळातला. पहिल्या तीन अंकांत काळ वीस-वीस वर्षांनी आणि चौथ्यात एकदम ‘आज’पर्यंत पुढे जातो, पण कुटुंबाचे वय वाढत नाही. प्रत्येक अंकात जॉन समाधानाने सांगतो की याहून सुखाचे दिवस आता येणे शक्य नाही, आणि लगेच पुढच्या अंकात ते आलेले असतात.

पहिल्या अंकावर मी अधिक लिहिणार आहे, कारण तो या खेळाचा सर्वांत उत्तम भाग आहे आणि तो मला आईमुळे कळला. जॉन मोठ्या अभिमानाने सांगतो की त्यांच्या नव्या ओतीव लोखंडी चुलीवर तीन बादल्या कोळशात पाच गॅलन पाणी दिवसभर गरम राहते. आईला इंग्रजी संवाद कळत नव्हते; मी कानाशी लागून भाषांतर करत होते. हे वाक्य ऐकताच ती म्हणाली, “अगं, म्हणजे आपला बंबच की हा!” त्यानंतर मला भाषांतराची फारशी गरज पडली नाही. स्वयंपाकघरातच पाण्याचा हातपंप आहे, दिवे गॅसचे आहेत, दूध नासू नये म्हणून पन्नास पौंड बर्फ मावणारी बर्फपेटी आहे. सारा इस्त्री करते आहे आणि नवरा सांगतो की कपडे धुण्याच्या नव्या यंत्रामुळे पूर्वी दोन दिवस चालणारे धुणे आता पाच तासांत उरकते. आईचे माहेर पाटण तालुक्यातले. कोयनेची वीज १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईकडे जाऊ लागली तेव्हा आई शाळेत होती. तिच्या स्वतःच्या घरात दिवा लागला तो त्यानंतर काही वर्षांनी. तोवर कंदील होता, पाणी आडातून शेंदायचे होते, धुणे ओढ्यावर होते आणि इस्त्री कोळशाची होती, तीही शेजारून मागून आणलेली. अमेरिकेच्या १९०० च्या घरात तिला आपले १९६० चे घर दिसले. प्रगतीचा हा काळ देशागणिक वेगळा होता, हे मला पुस्तकातून माहीत होते. अंधारात शेजारी बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर ते पहिल्यांदा दिसले.

या अंकाचे यश कशात आहे याचा मी नंतर विचार केला. लेखकांनी येथे काहीही भाकीत केलेले नाही. माणसे ज्या वस्तूंसह खरोखर जगली, त्याच वस्तू त्यांनी मांडल्या, आणि प्रत्येक वस्तूशी निगडित श्रमाचे माप सांगितले: किती बादल्या कोळसा, किती पौंड बर्फ, किती तास धुणे. भाकीत येते ते फक्त विनोदासाठी. उत्तर कॅरोलिनातले दोघे भाऊ उडणारे यंत्र बनवत आहेत म्हणे, पण ते काही उडायचे नाही, असे जॉन म्हणतो आणि सगळे सभागृह हसते. (आम्ही राहतो उत्तर कॅरोलिनात, राइट बंधू मूळचे ओहायोचे, आमच्या राज्यात ते फक्त उडायला आले होते, ही दुरुस्ती माझ्या मुलीने तत्काळ केली.) प्रेक्षकाला पुढचे माहीत असते आणि पात्राला नसते, यातला गोडवा ६० वर्षांत उणावलेला नाही आणि पुढेही उणावणार नाही, कारण जो काळ होऊन गेला तो आणखी जुना झाला तरी खोटा ठरत नाही.

दुसरा अंक मजेचा आहे. घरात वीज आलेली आहे, पण सगळी उपकरणे एकाच वेळी लावल्यामुळे फ्यूज उडतो आणि घरासह आळी अंधारात जाते. टबमध्ये बसून, बर्फावरून येणारा पंख्याचा वारा घेत आराम करणारा ऑर्व्हिल काका हे या खेळातले सर्वांत लाडके पात्र असून त्याला अजूनही बग्ज बनीचा आवाज म्हणून गाजलेल्या मेल ब्लँक यांचाच आवाज आहे. तिसऱ्या अंकात दूरचित्रवाणी येते आणि रंग ढवळण्यासाठी नवऱ्याने बायकोचा स्वयंपाकघरातला मिक्सर पळवलेला असतो. याच अंकात सारा भिंतीला कागद चिकटवता चिकटवता नवऱ्याला विचारते की हेच काम करायला पुरुष लावला असता तर त्याला पैसे दिले नसते का. ते वाक्य हसण्यावारी जाते. पण पहिल्या अंकापासून पाहिले तर यंत्रांचे कौतुक नवरा खुर्चीत बसून करतो आणि ती यंत्रे चालवते बायको, बाजूच्या झिरझिरीत पडद्यामागे, वेगळ्या खोलीत. हे चित्र लेखकांच्या मनात होते की नकळत उतरले, ते मी ठरवत नाही. ते खरे आहे, म्हणून ते तसेच राहिले पाहिजे.

या तीन अंकांवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो मी मान्य करते. ही एका विशिष्ट घराची प्रगती आहे. १९२० च्या दशकात जॉनच्या घरात विजेची लयलूट होती, पण १९३० च्या दशकाच्या मध्यातही अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज पोहोचली होती आणि सरकारने १९३५-३६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी केल्यावरच ते चित्र पालटू लागले. या खेळात हे कुठेही येत नाही, कारण मुळात तो विजेची उपकरणे विकणाऱ्या कंपनीचा प्रचार होता. तरीही या आक्षेपासाठी ते अंक मोडावेत असे मला वाटत नाही. प्रेक्षक आत येतात त्या पहिल्या थांब्यावर निवेदन होतेच. हे घर कोणाचे आणि त्या काळी कोणाकडे असे घर नव्हते, हे दोन-तीन वाक्यांत तेथेच प्रामाणिकपणे सांगता येईल.

आता चौथा अंक. तो १९९४ सालचा आहे. सगळे कुटुंब नाताळासाठी एका खोलीत जमले आहे, आजी डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा चढवून खेळ खेळते आहे, बाबा टर्की भाजतो आहे आणि सारा घरातली यंत्रे आवाजाच्या आज्ञेने चालावीत अशी व्यवस्था लावते आहे. आजीच्या खेळाचे गुण कोणीतरी मोठ्याने उच्चारते, ओव्हनला ती तापमानाची आज्ञा वाटते आणि टर्की जळून कोळसा होते. मधल्या गप्पांत लेझर डिस्क (चित्रपट पाहण्याची तेव्हाची मोठी तबकडी), हाय-डेफिनिशन टीव्ही आणि गाडीतला फोन यांचा नवलाईने उल्लेख येतो. “लेझर डिस्क म्हणजे काय?” असे मुलीने मला विचारले आणि मी सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न आला: “मग हा अंक पूर्वीचा आहे की आत्ताचा?” याचे उत्तर देणे अवघड आहे, कारण तो दोन्ही नाही. १९९४ मध्ये तो किंचित पुढच्या काळाचे भाकीत होता. त्यातले बरेचसे खरे ठरले, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. आवाजावर चालणारी उपकरणे आज आमच्याही घरी आहेत. पण खरे ठरलेले भाकीत रोजच्या वापरातले झाले की त्यात नवल उरत नाही आणि न टिकलेली वस्तू कोणाला ओळखू येत नाही. पहिल्या तीन अंकांत पात्रांहून प्रेक्षकाला जास्त माहीत असते, आणि चौथ्यातही आता तसेच झाले आहे. फरक एवढाच की तेथे पात्रे अजून आपण ‘आज’मध्ये आहोत असे समजून बोलतात. अलीकडच्या काळात त्यांचे कपडे बदलण्यात आले आहेत. आम्ही पाहिले तेव्हा संवाद मात्र तेच होते.

या खेळाला हात लावू नये असे म्हणणाऱ्यांनी त्याचा इतिहास एकदा नीट पाहावा. न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली चौथा अंक १९६० च्या दशकातल्या नाताळाचा होता. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात आणताना तो बदलला. १९७५ मध्ये फ्लोरिडात तो पुन्हा बदलला आणि नववर्षाच्या पूर्वसंध्येचा झाला. १९८१ मध्ये त्यात १९८० च्या दशकाचे घर आले. १९९४ मध्ये पुन्हा नाताळ आला. म्हणजे तीन, आठ, सहा आणि तेरा वर्षांनी हा अंक बदलत गेला, आणि त्यानंतर ३० वर्षे त्याची संहिता हलली नाही. जो भाग मुळात बदलत राहण्यासाठी लिहिला होता, तोच भाग सर्वांत जास्त काळ गोठून राहिला. याचे एक कारण मला प्रायोजकात दिसते. जनरल इलेक्ट्रिकचे प्रायोजकत्व १९८५ मध्ये संपले. आपली नवी उपकरणे रंगमंचावर दिसावीत ही ज्यांची गरज होती, ते गेले. आणि नवा अंक लिहिण्याची निकड ज्याला वाटेल असा कोणी मागे उरला नाही.

गाण्याची गोष्टही हेच सांगते. शर्मन बंधूंनी प्रदर्शनासाठी लिहिलेल्या मूळ गाण्यात येणाऱ्या सुंदर उद्याची ग्वाही होती आणि प्रेक्षागृह फिरत असताना तेच वाजत असे. १९७५ मध्ये फ्लोरिडात येताना ते गाणे काढून त्याच बंधूंकडून दुसरे लिहवून घेतले गेले, ज्यात आजचाच काळ सर्वांत चांगला असल्याचे सांगितलेले होते. उपकरणे विकणाऱ्या कंपनीला ग्राहकाने उद्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते, असे त्याचे कारण सांगितले जाते. १९९४ मध्ये मूळ गाणे परत आले. त्याच वेळी जॉनचा आवाज जीन शेपर्ड यांचा झाला, आणि न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी जॉनला आवाज दिला होता ते रेक्स ॲलन आजोबांच्या आवाजात परतले. जुन्या नटाला घरातल्या वडीलधाऱ्याची जागा देण्यात जी जाण दिसते, ती या खेळाच्या पुढच्या दुरुस्तीत असावी अशी माझी इच्छा आहे. बदल करणाऱ्यांना मूळ कृतीविषयी आदर असू शकतो, याचा तो चांगला नमुना आहे.

सगळेच काढून टाका, ती जागा मोठी आहे, तेथे काही वेगवान उभारा, असे म्हणणाऱ्यांनाही माझे उत्तर इतिहासातूनच आहे. कॅलिफोर्नियातून हा खेळ हलवल्यावर त्याच गोल इमारतीत १९७४ साली ‘अमेरिका सिंग्ज’ हा गाणाऱ्या प्राण्यांचा कार्यक्रम आला. तो १९८८ मध्ये बंद झाला. त्यातले बरेच यांत्रिक प्राणी १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्प्लॅश माउंटन’ या सफरीत नेण्यात आले आणि ती फिरती इमारत १९९८ पर्यंत प्रेक्षकांविना राहिली. पुढे ‘स्प्लॅश माउंटन’ही २०२३ मध्ये बंद होऊन २०२४ मध्ये त्या जागी ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ आले. जुना म्हणून जो खेळ काढला, तो हजारो मैलांवर अजून फिरतो आहे. त्याच्या जागी आलेला नवा खेळ गेला, आणि त्या नव्याचे प्राणी जेथे गेले तेही गेले. नवे उभारले की ते टिकतेच असे नाही, हे या साखळीतून दिसते.

दुसरे उदाहरण मला अधिक बोचते. फ्लोरिडातल्याच एपकॉट या डिस्नेच्या दुसऱ्या उद्यानात १९८३ साली ‘होरायझन्स’ नावाची सफर सुरू झाली. ती याच खेळाचा पुढचा भाग मानली जाई. अवकाशात, समुद्राखाली आणि वाळवंटात उद्याचे कुटुंब कसे राहील हे तिच्यात दाखवले होते आणि प्रायोजक जनरल इलेक्ट्रिकच होते. १९९३ मध्ये ते प्रायोजकत्व संपले, १९९९ मध्ये सफर कायमची बंद झाली, इमारत पाडली गेली आणि २००३ मध्ये तेथे ‘मिशन: स्पेस’ आले. त्यातली अवकाशयात्रेची गती मी अनुभवली आहे आणि ती थरारक आहे. पण आई तीत बसू शकत नाही. तीन पिढ्या शेजारी बसून जे पाहू शकतील असे या उद्यानांत फार थोडे उरले आहे, आणि त्यातले आणखी एक पाडताना याचा हिशेब व्हायला हवा.

तिसरा एक पक्ष आहे, आणि तो मला सर्वांत विचार करायला लावतो. त्यांचे म्हणणे असे की चौथा अंक पुन्हा १९६४ चाच करावा, म्हणजे चारही अंक भूतकाळाचे होतील, कोणताही शिळा होणार नाही आणि वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः घडवलेला हा खेळ त्यांनी पाहिला होता तसाच लोकांना पाहता येईल. या मताचा मोह मलाही पडला. वीस-वीस वर्षांची मूळ चाल त्यात परत साधते: १९००, १९२०, १९४०, १९६०. आज तिसऱ्या आणि चौथ्या अंकात ८० वर्षांचे अंतर पडले आहे, आणि त्या अंतरात संगणक, मोबाइल, घराबाहेर नोकरीला गेलेली सारा, सगळेच गडप झाले आहे. पण १९६० पाशी थांबलेला खेळ अकरा वर्षांच्या मुलीला काय देईल? तिच्यासाठी तो पणजीच्या काळाचा देखावा होईल. खेळाचा सगळा खटाटोप प्रेक्षकाला शेवटी त्याच्या स्वतःच्या घरात आणून सोडण्यासाठी आहे, आणि तेच त्यातून निघून जाईल. चारही अंक पुढे सरकवून १९००, १९४०, १९८०, २०२० असे करण्याची सूचनाही ऐकू येते. हिशेब म्हणून ती नीटस आहे, पण तिच्यासाठी ऑर्व्हिल काकाचा दुसरा अंक जातो, आणि चांगले चाललेले काढून नवे घालण्याचा धोका दोन ठिकाणी पत्करावा लागतो.

म्हणून चौथाच अंक बदलावा, आणि तोही सगळा नाही. त्यात एक फार चांगली गोष्ट आहे, जी शिळ्या झालेल्या संवादांच्या आड लपते. पहिल्या तीन अंकांत सारा, मुले आणि आजी बाजूच्या खोल्यांत, पडद्यामागे असतात. चौथ्यात सगळे एका खोलीत येतात. स्वयंपाक नवरा करतो, यंत्राची व्यवस्था बायको लावते, आजी खेळते आणि जिंकते. आईचे लक्ष लेझर डिस्ककडे गेलेच नाही. तिने नोंदवले ते एवढेच, की या वेळी चुलीपाशी बाबा आहे आणि त्याने जाळूनही ठेवले. ही मांडणी १९९४ च्या लेखकांची कमाई आहे आणि ती नव्या अंकातही राहिली पाहिजे. काढायचे ते फक्त भाकीत. पहिल्या अंकाच्या लेखकांनी जसे कोळशाच्या बादल्या मोजल्या, तसे आजच्या घरातले जे खरोखर वापरात आहे तेच मोजावे: दूरच्या देशातल्या आजीशी पडद्यावर रोज होणारे बोलणे, घरूनच चालणारी नोकरी, छतावरचे सौर तावदान, वीज गेली की थांबणारे सगळे घर. दुसऱ्या अंकात फ्यूज उडतो. चौथ्यातही वादळाने वीज जावी आणि कुटुंबाला काही काळ पहिल्या अंकात परत जावे लागावे, असे मी लिहीन. फ्लोरिडाच्या प्रेक्षकाला, आणि भारनियमनाचे दिवस काढलेल्या आमच्यासारख्यांनाही, ते समजावून सांगावे लागणार नाही. काही वर्षांनी हे तपशील जुने होतील, तेव्हा तो अंक पुन्हा लिहावा.

असे होऊ शकते याचा पुरावा त्याच उद्यानात आहे. १९७१ पासून चाललेल्या अस्वलांच्या संगीतसभेला २०२४ च्या जुलैमध्ये नवे रूप मिळाले. अस्वले तीच, सभागृह तेच, गाणी मात्र नवी. जुनी गाणी गेल्याची हळहळ अनेकांना आहे आणि ती मला समजते. पण यांत्रिक पात्रे भंगारात न काढता त्यांना नवी संहिता देता येते आणि मुले ती आनंदाने पाहतात, हे मी त्याच दिवशी दुपारी पाहिले. ‘कॅरोसेल’मध्ये तर एवढाही मोठा बदल करायचा नाही. चारांतला एकच अंक आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. उंचीची अट नाही, हिसके नाहीत, प्रेक्षागृह अगदी सावकाश फिरते, चाकाच्या खुर्चीवरून आलेल्यांची सोय आहे आणि आत वातानुकूलन असल्याने फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारी येथे बसणे सुखाचे होते. उद्यानाच्या तिकिटाखेरीज वेगळे पैसे लागत नाहीत. घरातल्या मोठ्यांना इंग्रजी येत नसेल तर मध्यभागाऐवजी कडेला बसावे, म्हणजे इतरांना त्रास न देता हळू आवाजात सांगता येते. तेथून निघाल्यावर जवळच्या ‘पीपलमूव्हर’ या संथ गाडीत अवश्य बसावे. डिस्नेलँडमध्ये असताना या खेळाच्या वरच्या मजल्यावर जी ‘प्रोग्रेस सिटी’ची प्रतिकृती होती, तिचा एक भाग त्या गाडीतून दिसतो, आणि वॉल्ट डिस्ने यांच्या मनातले उद्याचे शहर कसे होते याची थोडी कल्पना येते.

आम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा आत गेलो. मुलीने आजीला या वेळी स्वतः भाषांतर करून सांगायचे कबूल केले होते, आणि आईला पुढच्या रांगेत बसायचे होते, कारण पाच तासांत धुणे उरकणारे ते यंत्र तिला जवळून पाहायचे होते.